बिब्बा उतला तेव्हा

तीळ वाटल्याचा वास आला की मला लग्नानंतरचा सोलापुरातला पहिला उन्हाळा आठवतो. विषमज्वरातून मी उठले ती डोक्यावर केस गेलेले चाईचे दोन चट्टे घेऊनच. सासूबाईंनी कुणाचं तरी ऐकून त्यावर रोज बिब्ब्याचं तेल लावायला सुरुवात केली. टाळूची नुसती आग व्हायची, पण नवी सून काय बोलणार? मी मान खाली घालून बसायची. पाचव्या दिवशी कपाळभर फोड आले आणि डोळे सुजून मिटले. शेजारी मागावर लुगडी विणणारी तेलुगू बाई आली होती, तिनं माझं तोंड पाहिलं. "बिब्बा उतलाय की हिला. बंद करा ते," ती म्हणाली. सासूबाईंनी तेलाची वाटी उकिरड्यावर पालथी केली. "आग हुत हुती तर बोलली का न्हाईस, पोरी?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता तीळ भिजत घातले. पुढं पंधरा दिवस, गिरणीचा दुपारचा भोंगा झाला की त्या दुधात वाटलेले तीळ माझ्या कपाळावर, टाळूवर थापायच्या आणि लेप वाळेपर्यंत पदरानं वारा घालत बसायच्या. खपल्या गळल्या, खालून कोवळी कातडी आली. त्यानंतर पहिल्यांदा न्हाऊ घालताना त्यांनी विचारलं, "पानी कढत हाय का गं?" "व्हय आत्याबाई, लई कढत हाय," मी म्हणाले. त्या घरातलं माझं ते पहिलं गाऱ्हाणं. त्यांनी गार पाण्याचा तांब्या बादलीत ओतला. एका चट्ट्यावर केस कधीच आले नाहीत. आता माझ्या घरात नवी सून आली आहे. ती गप्प दिसली की मी हातातलं काम ठेवते आणि काही दुखतंय का, ते आधी विचारते.