बीपी एकशे बारा

आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये मला बीपीवाल्या काकू म्हणतात. माझी शाळा सातवीपर्यंतच, पण यांना बीपीचा त्रास सुरू झाला तेव्हा मुलाने मशीन आणून दिलं आणि मी आपली आपणच शिकले. रोज सकाळी यांच्या दंडाला पट्टा बांधायचा आणि आकडा कॅलेंडरच्या चौकोनात लिहायचा. मग शेजारणी यायला लागल्या. "काकू, बघा ना जरा, गरगरतंय." मीही बघायचे आणि वर सल्ला द्यायचे, लोणचं बंद, पापड बंद. एकीचा नवरा तर म्हणायचा, "काकूंकडे जास्त जाऊ नकोस, जेवणच बंद करतील तुझं!" असा आपला दरारा. पुढची चूक त्याच तोऱ्यात झाली, म्हणून आधी सांगून टाकलं.

गेल्या वर्षी यांना लघवीचं इन्फेक्शन झालं आणि बघता बघता ते रक्तात पसरलं. इथल्या डॉक्टरांनी बीपी घेतलं तर वरचा आकडा सत्तर. लगेच ॲम्ब्युलन्सने ठाण्याला नेलं, आयसीयूत ठेवलं. मानेतून नळी घातली. उशाशी स्टँडवर एक छोटं मशीन, त्यात मोठी सिरिंज आडवी बसवलेली, ती आपली आपण मुंगीच्या पावलाने पुढे सरकत राहते. बीपी वर आणायचं औषध आहे, एवढंच मला कळलं.

भेटायला सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास, आणि एकाच माणसाला सोडायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर हे जागे होते. मला बघून पहिलं काय विचारलं, तर "आक्का आली का?" आक्का म्हणजे माझ्या नणंद. सासूबाई लवकर गेल्या, यांना त्यांनीच लहानाचं मोठं केलं. चिपळूणच्या बाजूला गावी असतात, गुडघे पार गेलेत. मी म्हटलं, "येतील हो, तुम्ही आधी बरे व्हा." जरा वेळाने परत तेच. "आक्काला कळवलंस ना?"

मी वर स्क्रीनकडे बघितलं. एकशे बारा, खाली सत्तर. अहो, घरी हा आकडा आला की मी खुशीत यांच्या चहात अर्धा चमचा साखर जास्त घालायचे! बाहेर मुलगा उभा होता, वागळे इस्टेटच्या त्याच्या कंपनीतून धावत आलेला. म्हणाला, "आई, आत्याला बोलावून घेऊ का?"

"कशाला रे? बीपी एकशे बारा आहे, माझ्यापेक्षा चांगलं. या वयात त्यांना उन्हातून एसटीने कशाला फिरवायचं?"

आणि फोनही मीच लावला. "वन्सं, घाई करू नका. बीपी छान आहे. घरी आणलं की सावकाश या, चार दिवस राहायलाच या."

"नक्की ना गं? मी पिशवी भरून बसलेय."

"नक्की. मला काय बीपीतलं कळत नाही?"

संध्याकाळी आत गेले तेव्हा यांचा डोळा लागला होता. आंबिवलीहून येणारी एक सिस्टर होती, माझ्या नातीसारखी. सिरिंज संपत आली होती. तिने दुसरी भरून आधी चालू केली आणि मगच पहिली काढली, मध्ये जरासुद्धा खंड पडू दिला नाही. मी विचारलं, "बाळा, बीपी नॉर्मल झालं की, आता हे कधी काढणार?"

ती म्हणाली, "काकू, हे बीपी त्यांचं नाहीये हो, औषधाचं आहे. हे जरा बंद पडलं ना, तर लगेच खाली येईल. सकाळपासून डोस दुप्पट केलाय, तेव्हा कुठे आकडा तेवढाच राहिलाय." तिने मशीनवरचा बारीक आकडा दाखवला. तो मी बघितलाच नव्हता.

बाहेर येऊन वन्संना फोन केला, पहाटेची पहिली गाडी पकडा म्हटलं. त्या दुसऱ्या दिवशी दुपारी पोचल्या. तोवर यांना व्हेंटिलेटर लागला होता, झोपेचं औषध चालू होतं.

डॉक्टर म्हणाले, "आजी, आता दोन औषधं चालू आहेत, दोन्ही पूर्ण डोसवर. याच्या पुढे वाढवायला काही नाही." हे औषध रक्तवाहिन्या आवळून बीपी धरून ठेवतं, म्हणून बोटं काळी पडतायत, तेही त्यांनीच सांगितलं. त्या दिवशी आम्हा दोघींना एकदम आत सोडलं. का सोडलं ते कळलं मला.

वन्संनी यांची बोटं ओंजळीत धरली आणि तोंडाने ऊब देत राहिल्या. "अरे, आलेय मी. बघ तरी." हे कसले बघतायत? दुसऱ्या दिवशी औषध चालू असतानाच आकडा उतरत गेला. ऐंशी, साठ, मग मी बघायचं सोडून दिलं.

तेराव्याला पानं वाढताना वन्संनी मला जवळ बोलावलं. हळूच विचारलं, "शेवटी शुद्धीत होता तेव्हा माझी आठवण काढली का गं त्याने?"

हो म्हणावं, तर यांनी दोनदा विचारलं असतानाही मी वन्संना थांबवलं, हे सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, "नाही वन्सं. गुंगीतच होते."

त्यांनी मान हलवली. "बरं झालं बाई. वाट बघत तरी नाही राहिला."

इतक्या दिवसांत त्या दिवशी त्या पहिल्यांदा नीट जेवल्या. मी वाढत राहिले.