स्थळ मोडण्याचा भाग

औरंगपुऱ्यात नानासाहेबांचं चष्म्याचं दुकान आहे. पुढं काउंटर, मधे डोळे तपासायची अंधारी खोली आणि मागं फळीच्या आडोशाला खंडेराव. गिऱ्हाइकानं पसंत केलेल्या फ्रेममध्ये काच घासून बसवायची, हे त्याचं काम. नऊ वर्षं तो हेच करतोय आणि त्याच्या हातची काच सैल झाली म्हणून कुणी परत आल्याचं नानासाहेबांना आठवत नाही. गावी, करमाडला, वडील मल्हारराव अजून मेंढरं राखतात. पोरानं मेंढरं सोडून काचा धरल्या याचं त्यांना काही वाटत नाही. पण तिशी ओलांडलेलं पोरगं जपानी चित्रांच्या गोष्टी वाचत बसतं, हे मात्र त्यांनी भावकीत कुणाला कळू दिलेलं नाही.

बरं, नुसतं वाचून तो गप्प बसला असता तरी चाललं असतं. मराठी बोलणाऱ्या मांगा-ॲनिमेवाल्यांचा, म्हणजे याच जपानी चित्रगोष्टींच्या वेड्यांचा, फोनवर चारेक हजार माणसांचा एक ग्रुप आहे, तिथं खंडेराव 'करमाडकर' या नावानं रिॲक्शन, म्हणजे भाग वाचून काय वाटलं ते, लिहितो. मारामाऱ्या आणि राक्षस यांत त्याला गम्य नाही. त्याला लागते हलकीफुलकी प्रेमाची गोष्ट. एक शाळा, एक मुलगा, एक मुलगी, दोघांचा एकमेकांवर जीव, आणि शंभर भाग झाले तरी कुणी तोंड उघडायला तयार नाही. असा भाग आला की खंडेरावाचं डोकं फिरायचं. 'आरं येड्या, ती छत्री घिऊन तुझ्यासाठीच थांबलीय. बोल की लेका!' असं तो लिहायचा आणि शेकडो लोक खाली हसून जायचे. कुणाची जोडी कुणाशी जमणार हे तो दहाव्या भागात सांगून मोकळा व्हायचा, आणि ते खरं निघायचं. लोक त्याला गुरुजी म्हणायला लागले. गुरुजींना स्वतःबद्दल जो काही अभिमान होता, तो सगळा इथला होता.

नीरजा दुकानात आली ती डोळे तपासायच्या कामावर. समर्थनगरची मुलगी, चार वर्षं त्याचंच शिक्षण घेतलेली, वडील बँकेतून निवृत्त झालेले. पहिले काही दिवस ती त्याला अहो-जाहो करायची, महिनाभरात अरे-तुरेवर आली. खंडेराव मात्र 'मॅडम'वर थांबला तो थांबलाच.

एका दुपारी तो डबा खाताखाता फोनकडं बघून एकटाच हसत होता, म्हणून तिनं फळीमागं डोकावलं. फोन हातात घेतला, दोन पानं वाचली आणि म्हणाली की हा माणूस आधी रडतो आणि मग चिठ्ठी उघडतो, हे कसं काय? ती डावीकडून उजवीकडं वाचत होती. खंडेरावानं तिला उजवीकडून वाचायला शिकवलं, आणि तिथून पुढं तीन वर्षं दर बुधवारची जेवणाची सुट्टी त्या गोष्टीची झाली.

गोष्ट साधीच होती. शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकं लावायचं काम एका मुलावर आणि एका मुलीवर येतं, बस. जपानी नावं जिभेवर बसेनात, म्हणून या दोघांनी त्यांना चष्मिश आणि वेणीवाली करून टाकलं. दर बुधवारी नवा भाग यायचा. एकच फोन, पानं नीरजानं उलटायची, खंडेरावाचं आधी वाचून झालं तरी त्यानं थांबायचं, आणि दुसऱ्याशिवाय पुढचा भाग उघडायचा नाही, असा नियम ठरला होता. वाचून झालं की खंडेराव रिॲक्शन आधी तोंडी म्हणून दाखवायचा. ज्या वाक्याला ती हसली, ते ग्रुपवर जायचं. गुरुजींनी त्या तीन वर्षांत लिहिलं तसं पुन्हा लिहिलं नाही, असं जुने लोक अजून म्हणतात.

एकसष्टाव्या भागात चष्मिशनं वेणीवालीला पहिल्यांदा नावानं हाक मारली. तिकडं जपानात ही फार मोठी गोष्ट असते, वर्षानुवर्षं माणसं आडनावावरच अडून राहतात. खंडेरावानं त्या एका हाकेवर भलीमोठी रिॲक्शन लिहिली. नीरजानं ती वाचली, फोन परत दिला आणि म्हणाली, "तू मात्र मला अजून मॅडमच म्हणतोस."

"सवय पडलीय, मॅडम," खंडेराव म्हणाला.

ती हसली. आपण वेळ छान मारून नेली, असं खंडेरावाला वाटलं. दुसऱ्याच्या गोष्टीत छत्रीचा अर्थ कळणाऱ्या माणसाला आपल्या डब्यासमोर बसलेली मुलगी काय म्हणतेय ते कळू नये, याला काय म्हणावं?

मग तो बुधवार आला. भाग उघडायच्या आधीच नीरजा म्हणाली की रविवारी अकरा वाजता तिला बघायला येतायत, मुलगा नाशिकचा आहे. दुसरा कुणी असता तर त्यानं डबा बाजूला सारला असता. खंडेरावाच्या आतले गुरुजी जागे झाले.

"टेन्शन घेऊ नका, मॅडम. हा भाग समद्या गोष्टींत येतो. घरचे स्थळ आणतात, मुलगा चांगला असतो, नोकरीवाला असतो, वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. आन् मग ते स्थळ मोडतं. पन्नास गोष्टींत पाहिलंय मी. एकदाबी जमलेलं नाय."

"नक्की मोडतं?"

"लिहून देतो."

तिनं डब्याचं झाकण लावलं. मग फोन ओढून घेतला आणि चल, वाचू, म्हणाली. त्या दिवशी तिनं पानं भराभर उलटली.

खंडेराव मात्र खुशीत होता. आपण आज जे बोललो ते मनातलं सरळसरळ सांगितल्यासारखंच झालं, तिला कळलं असणार, यापेक्षा उघड आणखी काय बोलायचं, असं त्याच्या मनात होतं. रविवारी तो करमाडला गेला. मेंढरांची कातरणी चालली होती. अकराच्या सुमाराला तो लिंबाखाली बसून दुसऱ्याच एका गोष्टीतल्या मुलाला मुलीच्या दारात जात नाही म्हणून शिव्या घालत होता. त्या रिॲक्शनला दुपारपर्यंत चारशे लोक हसले.

सोमवारी नीरजानं दुकानात पेढे वाटले. फळीमागं येऊन खंडेरावाच्या हातावरही एक ठेवला. दीड महिन्यात लग्न झालं आणि ती नाशिकला गेली.

आपण मेंढरंवाले, ते समर्थनगरचे, जमलं नसतंच, असं खंडेरावानं स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की ते त्याला पटत गेलं. तसं झालंही असतं कदाचित. पण नाही म्हणायला आधी कुणीतरी विचारलेलं असावं लागतं. दोन्ही घरांतल्या एकाही माणसाला कुणी काही विचारलंच नव्हतं.

ती गोष्ट त्यानं पुढं वाचली नाही. नियम होता ना, दुसऱ्याशिवाय उघडायचं नाही. ग्रुपवर लोक विचारायचे की गुरुजी, चष्मिशला सोडलंत का? दुकानात काम फार आहे, असं तो लिहायचा. अशी दोन वर्षं गेली.

गेल्या महिन्यात नीरजाचा मेसेज आला. आपली गोष्ट संपली, वाचलीस का, एवढंच त्यात होतं. खंडेराव रविवारी करमाडला गेला, लिंबाखाली बाज टाकली आणि राहिलेले सगळे भाग एका बैठकीत वाचायला घेतले. आई, पुतळाबाई, शेजारी मेथी निवडत बसली होती. तिला अक्षर येत नाही, पण चित्र कळतं. शेवटच्या काही भागांत वेणीवालीच्या घरचे स्थळ आणतात. पाहुणे येऊन बसतात. आणि चष्मिश सायकल टाकून पळत सुटतो.

"का पळायलाय रं ह्यो?" पुतळाबाईनं विचारलं.

"तिला बघायला पाव्हणे आलेत. ह्यो तिथं जाऊन सांगतो, माझा जीव हाय हिच्यावर. मग ते स्थळ मोडतं."

"मोडंलच की," आई म्हणाली. "ह्यो गेला म्हणून मोडलं. नसता गेला तर कशाला मोडतंय?"

आणि ती पुन्हा मेथीकडं वळली.

खंडेरावानं फोन मांडीवर उलटा ठेवला. पन्नास गोष्टी त्यानं वाचल्या होत्या आणि पन्नासही गोष्टींत कुणी ना कुणी पळत गेलं होतं. ते पळणं त्याला चांगलं आठवत होतं. कुणी पावसात पळालं होतं, कुणाची चप्पल तुटली होती. पण त्या पळण्यामुळंच स्थळ मोडतं, हे चार हजार माणसांच्या गुरुजींना आज अंगठा उठवणाऱ्या आईनं सांगितलं. नीरजाला त्यानं अर्धीच गोष्ट सांगितली होती, आणि राहिलेली अर्धी त्यानं करायची होती.

त्यानं तिला वाचून झाल्याचं कळवलं. लगेच उत्तर आलं, 'मग? रिॲक्शन?'

चष्मिशबद्दल काय लिहिणार? एक ओळ लिहून त्यानं ती पुसून टाकली. तेवढ्यात तिचाच दुसरा मेसेज आला.

'तू लिहून देतो म्हणाला होतास. त्या रविवारी पाहुणे बसलेले असताना मी दोनदा गॅलरीत जाऊन रस्ता बघून आले होते. आता हसू येतं.'

खंडेरावानं ते तीनदा वाचलं. मग त्यानं 'नीरजा' असं लिहिलं. पाच वर्षांत पहिल्यांदाच लिहिलं होतं, ते नाव त्याला अनोळखी वाटलं. त्याच्यापुढं 'मॅडम' जोडून त्यानं वाक्य पुरं केलं.

'नीरजा मॅडम, मी त्या दिवशी करमाडला होतो.'