बाबांचे ओठ, माझा आवाज

"लॅरिंक्सचा कॅन्सर आहे," ठाण्याचे डॉक्टर म्हणाले. लॅरिंक्स म्हणजे स्वरयंत्र, जिथून आवाज निघतो ते. बाबा घोगऱ्या आवाजात बोलले, "म्हणजे आता ह्याची चैन. ओरडायला कोणी नाही."

ह्याची म्हणजे माझी. मी मिमिक्री करतो. टिटवाळ्याच्या शाळेत दांडी मारली की बाबांच्या आवाजात सरांना फोन मीच करायचो, "मुलाला ताप आहे."

महिन्याभरात ट्रेकिओस्टोमी झाली, म्हणजे गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी बसवतात. आवाज बंद. हात सुजलेले, पेन धरवेना. मग ते ओठ हलवायचे आणि मी त्यांच्या आवाजात बोलायचो. "सिस्टर, सुई टोचताय की खिळा ठोकताय?" सिस्टर दचकून आधी बाबांकडे बघायच्या, मग माझ्याकडे.

पुढे कॅन्सर फुप्फुसात गेला. डॉक्टर म्हणाले, "अजून एक केमो देऊन बघू शकतो. बरे होणार नाहीत, थोडे दिवस कदाचित मिळतील. नाहीतर घरी न्या, त्रास कमी व्हायची औषधं देतो. त्यांनाच विचारा."

आईने विचारलं, "अहो, घ्यायची ना केमो?"

बाबांचे ओठ हलले. पुरे. घरी.

मी त्यांच्या आवाजात म्हणालो, "घेऊया की! घाबरतो काय?"

आई खुश. बाबा नुसते माझ्याकडे बघत राहिले. पापणी हलेना. त्यांच्याच आवाजाने मी त्यांचं तोंड दाबलेलं.

केमोच्या सकाळी आईला बाहेर नेऊन खरं सांगितलं. "मेल्या, त्यांच्या तोंडून खोटं बोललास?" ती रडली. मग आत जाऊन बाबांना म्हणाली, "चला, घरी जाऊ."

टिटवाळ्याला पाच दिवस मिळाले. पाचव्या दुपारी बाबांचे डोळे मिटलेले, ओठ बंद. आई उशाशी. आणि माझ्या तोंडून बाबांचा आवाज आला, "सुमन, दार लावून घे गं."

कामावर निघताना ते रोज हेच म्हणायचे. मी काढला नव्हता तो आवाज. शप्पथ.

"हो, लावते," आई म्हणाली. उठली, दार लावून आली. मग त्यांच्या छातीवर हात ठेवून बघितला. हलत नव्हती.

तुमच्याकडे कोणी असं नळीवर असेल तर ओठ नीट बघा, आणि तेच बोला. आपल्याला ऐकायचंय ते नको. मला चूक सुधारायला पाच दिवस मिळाले, नशीब माझं.

मित्र अजून म्हणतात, "काढ ना रे काकांचा आवाज." काढायला जातो, तर माझाच निघतो. जाताना त्यांनी त्यांचा नेला. बरं केलं.