वहिनीचा काळा चष्मा

आमच्या घरी टीव्ही बैठकीत आहे आणि बैठकीत बाबा असतात. बाबा म्हणजे गावोगाव पत्रकं वाटणारा माणूस. बुवाबाजीवर, शेतमालाच्या भावावर, बायकांच्या नावावर जमीन करण्यावर. त्या पत्रकांच्या घड्या घालतच मी अक्षरं शिकले. म्हणून असेल, घरातली एक गोष्ट मला लवकर टोचायला लागली. मी, घरची लेक, बैठकीत दिवाणावर पाय पसरून बातम्या बघायची. वहिनी, घरची सून, चहा ठेवायची, डोक्यावरचा पदर सावरायची आणि आत जायची. तिला बसू नको असं कुणी म्हटलं नव्हतं. म्हणायची वेळच येऊ नये, अशा बेतानं घरं चालतात.

वहिनी वसमतची. माहेरी ती भावाबरोबर टीव्हीवर मोटारींच्या शर्यती खेळायची आणि बहुतेक वेळा जिंकायची. लग्नानंतर ते सुटलं. दादा पुण्याला कामाला. या दिवाळीला येताना त्यानं तिच्यासाठी एक काळा चष्मा आणला. तो वायरनं मोबाईलला जोडायचा. डोळ्यांवर चढवला की समोर हवेत भिंतीएवढा पडदा दिसतो, आणि पडद्याच्या कडेनं आपलं फडताळ, आपला गॅस, आपलं दार अंधुक दिसत राहतं.

दुपारची भांडी झाली की वहिनी स्वयंपाकघरातच भिंतीला टेकून, हातात खेळाचा रिमोट धरून खेळायला लागली. वळण आलं की तिचे खांदेही वळायचे.

मला राग यायचा. चष्म्याचा नाही, त्या कोपऱ्याचा. मला तो चष्मा म्हणजे पदराचाच नवा प्रकार वाटायचा.

"हे लपून खेळणं झालं वहिनी. बैठकीत टीव्हीवर खेळ. मी बसते सोबत."

"तुमी बसाल ताई. मग सुट्टी संपली की तुमी परभणीला कालेजात. मी इथंच हाय."

"म्हणून काय जन्मभर…"

"थांबा, वळण हाय."

पुढं हळद शिजवायचे दिवस आले, तेव्हा मी पुन्हा सुट्टीला घरी आले होते. अंगणात कढई चढलेली, सगळीकडे वाफ. मदतीला हाक मारायला शेजारची म्हातारी मावशी आत आली आणि दारातच थबकली. आमच्याकडे काळ्या चष्म्याचा अर्थ एकच, मोतीबिंदू. शिबिरातून म्हातारी माणसं तसाच चष्मा लावून परततात आणि मग त्यांना धूर नाही, वाफ नाही, वाकणं नाही. इथं तर तरणी सून काळा चष्मा लावून डावीउजवीकडे झुकत होती.

"अगं माय, चक्कर येऊन राहिली का लेकरा?"

वहिनीच्या कानात मोटारींचा आवाज. तिला ऐकूच आलं नाही. मावशी तडक बैठकीत गेली.

"व्हय हो, सुनंचं आपरेशन झालं आन् तुमी तिला वाफंपुढं धाडता? पत्रकात तं बायांचं लय लिहिता."

बाबा गोंधळले. त्यांनी वहिनीला हाक मारली. ती दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिली, चष्मा हातात.

"पोरी, डोळ्याला काय झालं? काहून सांगितलं न्हाई?"

हो म्हणाली असती तर आठवडाभर कामातून सुटली असती. खरं सांगितलं तर चष्मा पेटीत जायचा, ही भीती तिच्या तोंडावर दिसत होती. मी मध्ये बोलणार होते. पण हे खरं माझं नव्हतं, तिचं होतं.

"कायी न्हाई झालं, मामा. खेळते मी यात. मोटारींचा खेळ."

"चुलीपाशी मोटारी?" मावशी म्हणाली.

"मग टीव्हीवर काहून न्हाई खेळत?" बाबांनी विचारलं. "एवढा मोठा टीव्ही हाय."

"टीव्हीपुढं तुमी असता."

एवढंच बोलली. बाबांनी दिवाणावर पसरलेले पाय खाली घेतले. मावशी पुटपुटली, "सासऱ्यापुढं खेळते का कुणी?"

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर बाबांनी पेपर उचलला आणि "मी बाहेर हाय" असं स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणून ते लिंबाखाली जाऊन बसले. तिसऱ्या दिवशीही तेच. बैठक नुसती रिकामी राहायची. वहिनी यायची नाही. मीही तिला ओढून आणलं नाही.

मग एका दुपारी ती आली. मी टीव्ही लावायला उठले.

"नको ताई. चष्म्यात मोठं दिसतं."

बंद टीव्हीसमोर, दिवाणावर मांडी घालून ती खेळायला लागली. पदर खांद्यावर आला, तो तिनं तसाच राहू दिला.

तेवढ्यात शिरड शहापूरचा एक पाहुणा बाबांबरोबर आत यायला लागला. बाबांनी त्याला दारातच अडवलं.

"जरा दम धरा. डाव चालू हाय."

"कुणाचा?"

"सुनंचा," बाबा म्हणाले आणि पायरीवर बसले. पाहुणा बराच वेळ उभाच होता.