भालूकडे ठेवलेली माणसं

आमच्या आगाशीत कुणाला घरच्या लग्नाची सीडी सापडत नसली की लोक म्हणतात, "भालूकडे असेल." आणि असतेच. भालचंद्र शूटिंगवाला. वाडीतली सगळी लग्नं, हळदी, बारशी त्याच्या एका हार्ड डिस्कमध्ये. पुराच्या वर्षी घराघरातल्या सीड्या चिखलात गेल्या, तेव्हापासून लोकांनी स्वतःकडे काही जपणंच सोडलं. फुकटचा विश्वास हा! ओझं मात्र एकट्या भालूच्या डोक्यावर.

पितृपक्षात तर त्याच्या स्टुडिओत गर्दी. ज्याची तिथी असेल त्याच्या घरचे जेवणं उरकून येतात आणि आपलं गेलेलं माणूस पडद्यावर हलताबोलताना बघून जातात.

यंदा श्रावणात ती डिस्क टकटक करू लागली. कधी चालू व्हायची, कधी नाही. जिच्यात सगळ्याची दुसरी प्रत होती ती आधीच बंद पडलेली. नव्या डिस्कचे भाव असे चढलेत, की भालू दुकानाच्या पायरीवरूनच परतला. मग तो कामणला हरेशच्या गोदामात गेला. हरेश ऑफिसांतून काढलेल्या जुन्या डिस्क विकतो.

"भालूशेठ, चेक करून घ्या. हेल्थ शंभर टक्के!"

कॉम्प्युटरवर दिसतही तसंच होतं. पण सेकंडहँड स्कूटरचं मीटर मागे फिरवतात तसं यांचंही फिरवता येतं, हे भालूला ठाऊक. वांगं असतं तर दाबून पाहिलं असतं. बागायतदाराचा मुलगा तो, या बंद डबीचं काय हुंगणार? एका मरायला टेकलेल्या डिस्कमधली माणसं दुसऱ्या म्हाताऱ्या डिस्कच्या हवाली करायची? तो हात हलवत परत आला. पुन्हा गेला, पुन्हा आला.

"मला बघायला आलात तेव्हा एवढा विचार नव्हता केलात," त्याची बायको हेमाली म्हणाली. "निदान थोडं थोडं फोनवर तरी काढून ठेवा."

पण आधी कुणाचं? वाडीत सगळे नात्यातले. डिस्क मध्येच बसली, तर ज्याचं राहील त्याला तोंड कसं दाखवायचं? इकडे आड, तिकडे विहीर. मला त्याचा राग येतो, पण मी तरी काय केलं असतं, सांगता येत नाही.

पितृपक्ष लागला आणि द्वितीयेला, सगळ्यांच्या आधी, प्रेमलताकाकी आली. पुतणीच्या हळदीत नाचता नाचता काका कॅमेऱ्यासमोर येतात आणि "प्रेमा, ये गं!" म्हणून हाक मारतात. तेवढ्यासाठी ती दरवर्षी येते. डिस्क आजारी आहे, हे भालूला सांगायचं होतं. पण तो वायर जोडायला लागला.

"लाव रे भालू. मना जास्त बसवत नय."

डिस्क चालू झाली. ढोल वाजला, काका नाचू लागले. काकीने खुर्ची पुढे ओढली. काका वळले, हसले, तोंड उघडलं, आणि चित्र तिथेच थांबलं. डिस्क दोनदा टकटकली, मग तेही नाही. भालूने वायर काढली, लावली, पुन्हा काढली. काकांसकट अख्खी वाडी गेली होती.

काकी बराच वेळ वाट बघत बसली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली.

"आज नेटवर्क नय वाटते," ती म्हणाली. "राहू दे. पुढच्या वर्षी येईन."

"ये काकी," भालू म्हणाला.