दोन पार्ट्या, एक केबिन

गल्फमधून परतलेला माणूस दोन गोष्टी घेऊन येतो, खजूर आणि किस्से. खजूर आठवडाभरात संपतात. किस्से मात्र सांगावे तितके वाढतच जातात! माझ्याकडे सगळ्यात जास्त साठलेत ते जेद्दाच्या आमच्या पंप वर्कशॉपमधल्या दोन चिनी फोरमनचे.

लिनसाहेब तैवानचे, चाओ चीनचा. लिनसाहेबांचे वडील राष्ट्रवाद्यांच्या फौजेत, चाओचे कम्युनिस्टांच्या. दोन्ही पार्ट्या क्रांतीवाल्या. दोनदा हातमिळवणी केली, दोनदा फाटलं, आणि शेवटी हरलेले राष्ट्रवादी समुद्र ओलांडून तैवान बेटावर गेले. त्यांच्या पोरांना आमच्या कंपनीने एकाच केबिनमध्ये बसवलं. एक एसी, एक रिमोट!

*

लिनसाहेबांना गारवा हवा, चाओला लगेच सर्दी. दिवसभर कटकट. शेवटी दोघांनी तह केला आणि रिमोट आणून माझ्या टेबलावर ठेवला.

"माझ्याकडे कशाला?"

"मिस्टर परब, तुम्ही इंडियन," लिनसाहेब म्हणाले. "अलिप्त देश!"

*

एकदा चहा पिताना मी विचारलं, "तुमची पहिली युती झाली कशी हो?"

"गल्लोगल्लीचे लष्करी सरदार माजले होते. त्यांना हटवायला आम्ही यांना घरात घेतलं," लिनसाहेब म्हणाले. "तर यांनी घरच पोखरलं!"

"आम्ही विश्वासाने आत गेलो," चाओ म्हणाला. "तर यांनी पाठीत सुरा खुपसला!"

"मग दुसऱ्यांदा कशाला केलीत?"

चाओने कप खाली ठेवला. "जपान."

लिनसाहेबांनी मान डोलावली. या दोघांचं एकमत होऊ शकतं हे मला त्या दिवशी कळलं.

*

आणि थोड्याच दिवसांत पंप तपासायला जपानी इन्स्पेक्टर आला! बघून म्हणाला, "शाफ्ट वाकडा आहे. रिजेक्ट."

एरवी एकमेकांकडे पाठ करून जेवणारे आमचे दोघे खांद्याला खांदा लावून उभे राहिले.

"सरळ आहे!"

"एकदम सरळ!"

इन्स्पेक्टरने शांतपणे गेज लावून दाखवला. शाफ्ट वाकडाच. कमरेत वाकून नमस्कार करून तो गेला. त्याची गाडी गेटबाहेर पडते न पडते तोच लिनसाहेब ओरडले, "तुझ्या माणसाने बसवला!"

"तुझ्या!"

युती खलास.

*

चिनी नववर्षाला दोघे मेसमध्ये करंज्यांसारखं काहीतरी वळायला बसायचे. आत खिमा. कळ्या उत्तरेच्या पद्धतीने पाडायच्या की दक्षिणेच्या, यावर तुंबळ. आमचे कुक हनीफभाई राजापूरचे. त्यांनी एक उचलून निरखून पाहिलं.

"परबानू, ह्ये तर मटणाचे मोदक!"

*

मग सौदीकरण आलं. परदेशी कमी करा, सौदी घ्या. बुरैदा शहरातला फहद नवीन इंजिनियर म्हणून आला आणि दोघांच्या हाताखाली शिकू लागला. लिनसाहेब सांगायचे, "चाओचं ऐकू नकोस." चाओ सांगायचा, "लिनचं विसरून जा."

मला त्याची कीव आली. "त्रास नाही होत रे?"

"मिस्टर परब, माझ्या आजोबांच्या दोन बायका होत्या," फहद म्हणाला. "दोघींकडे जेवायचं आणि दोघींना सांगायचं, तुझंच चांगलं!"

*

फहद तयार झाला, म्हणजे एक फोरमन जाणार. लिनसाहेब वयाने मोठे. त्यांचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, रिन्यू झाला नाही. चाओने ऐकलं आणि त्या आठवड्यात तो एकदाही भांडला नाही. लिनसाहेबांना तेच जास्त लागलं असावं.

जायच्या दिवशी चाओ म्हणाला, "एअरपोर्टला मी सोडतो." मी मागच्या सीटवर. दारापाशी बॅग उतरवली आणि चाओ एकदम ओरडला, "तुम्ही लोक असेच! शेवटी बेटावर पळून जाता!"

लिनसाहेबांचे डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत. "मग ये की तूही! चहा पाजतो, खरा चहा!"

"येणारच! बेट आमचंच आहे!"

"येऊन तर बघ!"

आवाज इतका चढला, की पोलीस धावत आला. "काय झालं? भांडण?"

"नाही, नाही. घरचं मॅटर आहे," लिनसाहेब म्हणाले. "हा माझा धाकटा भाऊ."

"थोरला मी!" चाओ किंचाळला.