बर्फाखालचा ट्रे

आमच्या घरात फ्रीज आला तो माझ्या धाकट्या नणंदेच्या औषधासाठी. तिची शाळा संपता संपता साखरेचा आजार निघाला. तोही गोळ्यांवर भागणारा नव्हता. रोज इन्सुलिन टोचायचं आणि त्याची बाटली गार जागी ठेवायची, असं डॉक्टरांनी बजावलं. ऐंशीचं दशक नुकतं लागलं असेल. चिंचणीतल्या आमच्या आळीत तोवर कुणाकडे फ्रीज नव्हता. तारापूरच्या अणुकेंद्राच्या कॉलनीतलं एक कुटुंब बदली होऊन निघालं होतं, त्यांचा जुना फ्रीज आम्ही घेतला. सासूबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं आणि पहिल्या दिवशी आत दुसरं काही ठेवूच दिलं नाही. "दूधबिध मंग," म्हणाल्या. "आदी पोरीचं औषध."

एका दाराचा फ्रीज तो. वर बर्फाचा छोटा कप्पा, त्याच्या लगेच खाली एक उथळ ट्रे, मग जाळ्या आणि तळाशी भाजीचं भांडं. एक-दोन वर्षं त्याने मुकाट्याने काम केलं. मग कुरकुर सुरू झाली. खालच्या जाळीवरचं दूध फाटू लागलं आणि वरच्या कप्प्यात मात्र बर्फाचा थर वाढत चालला. आधी बोटभर, मग एवढा की कप्प्याचं झाकणच लागेना. आमचं घर समुद्राच्या अंगाला. खाऱ्या हवेने बिजागऱ्या खाल्ल्या, सायकल खाल्ली, तिने फ्रीजच्या दाराचं रबर तरी का सोडावं? ते कडक होऊन एका कोपऱ्यात उचकटलं होतं. तिथून दमट हवा आत शिरत होती आणि तिचाच बर्फ होत होता. हे मला आज कळतं. तेव्हा आमच्या घरात एवढंच कळत होतं की फ्रीज पुरेसा गार करत नाही.

नवऱ्याने थंडाव्याचं बटण शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवलं. तरी फरक पडेना, म्हणून बोईसरहून एक मेकॅनिक आणला. त्याने मागे कान लावला, हात फिरवला आणि म्हणाला, "गैस बराबर है, भाभी. नंबर फुल पे ही रखो, नीचे भी ठंडा हो जाएगा." चहा पिऊन तो गेला. दाराकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. मी रबर दाखवायला गेले, तर नवरा म्हणाला, "त्याला त्याचं काम कळतं." नवरे मंडळींचा असल्या वेळी परक्या माणसावर फार विश्वास बसतो.

बर्फ वितळवायची सोय फ्रीजला होती. आकड्यांच्या मधोमध एक लाल बटण होतं. ते दाबलं की मशीन थांबायचं, बर्फ वितळला की बटण आपोआप बाहेर यायचं आणि मशीन पुन्हा सुरू व्हायचं. आमचं बटण आत जायचं, बाहेर यायचं नाव नव्हतं. एकदा ते तसंच अडकून राहिलं, फ्रीज दिवसभर बंद, आणि इन्सुलिनची बाटली हाताला कोमट लागली. सासूबाई इतक्या घाबरल्या की त्या दिवसापासून त्या बटणाला हात लावायची सगळ्यांना बंदी झाली. बाटल्याही त्यांनी दाराच्या खणातून उचलल्या आणि सगळ्यात गार जागी, बर्फाच्या थेट खालच्या ट्रेमध्ये नेऊन ठेवल्या.

सासूबाईंचं माहेर मासळीबंदराला लागून. होडीतली मासळी बर्फात घातली की ती टिकते, बर्फ कमी पडला की नासते, हे त्या लहानपणापासून बघत आल्या होत्या. बर्फाने काही बिघडतं हे त्यांना कुणी सांगितलं असतं तर त्या हसल्या असत्या. सकाळी उठल्यावर पहिल्यांदा त्या ट्रेमधून बाटली काढायच्या. तिच्यावर बर्फाची पांढरी साय धरलेली असली की त्यांना बरं वाटायचं. "बग, कशी गार राह्यलीय," असं मला दाखवायच्या. मग काचेची सिरिंज पाण्यात उकळेपर्यंत बाटली दोन्ही तळव्यांत धरून बसायच्या, पोरीला गार औषध टोचू नये म्हणून. त्यांच्या मायेत मला आजही काही खोट काढता येत नाही.

आणि नेमकी तेव्हाच नणंद वाळत चालली. सारखी तहान, सारखं उठणं. तेव्हा घरी साखर बघायची म्हणजे काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकून तापवायचं. निळं राहिलं तर ठीक. आमच्याकडे रोज विटकरी होऊ लागलं. इंजेक्शन चुकत नव्हतं, भात मोजका होता. मग साखर येते कुठून? घरातल्या सगळ्यांना एकच उत्तर सुचलं. पोर चोरून खाते.

सासूबाईंनी गुळाचा डबा कुलपात टाकला. केळीचा घड माळ्यावर गेला. एका सकाळी त्यांनी पोरीचं तोंड जवळ ओढून वास घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. "केळ्याचा वास येतोय. पिकल्या केळ्याचा. आता तरी खरं बोल गो."

"मी काय खाल्लं नाय, आई."

मलाही तिच्या तोंडाला तो वास आला होता. गोडसर, फार पिकलेल्या फळासारखा. तरी मला ते पटत नव्हतं. ही मुलगी पेढ्याचा तुकडा समोर आला तरी नजर फिरवायची. तसं मी बोलून दाखवलं, तर सासूबाई म्हणाल्या, "तुला काय कळतंय? माजी पोर हाय ती." पुढे मी कितीदा तरी सांगून पाहिलं. सुनेचं बोलणं वाऱ्यावर जायला आमच्याकडे वेळ लागत नसे.

भांडणं रोजची झाली. सासूबाई रडायच्या, पोर भिंतीकडे तोंड करून पडायची. आणि एका दुपारी ती उठून बसली आणि शांतपणे म्हणाली, "हां, खाल्ली मी. सुकेळी खाल्ली. माकुणसारच्या मावशीनं दिलेली, ती लपवून ठेवलीवती."

घरातला ताण एकदम उतरला. रोग सापडल्यासारखं झालं. वाळवलेली केळी ती, म्हणजे वासाचाही हिशेब लागला. नवऱ्याने डॉक्टरांना तसंच कळवलं, त्यांनी पथ्य कडक करायला सांगितलं. औषधाकडे कुणाचं लक्ष जायचं कारणच उरलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तिला उलट्या सुरू झाल्या. श्वास इतका जोरात चालला होता की बघवत नव्हतं. हाक मारली तर डोळे उघडायची नाही. मिळेल त्या जीपमध्ये घालून तिला पालघरच्या दवाखान्यात नेलं. ती रात्र मला लिहायची नाही. सकाळी तिथल्या नर्सने नवी बाटली हातात घोळवली तेव्हा मी बघत होते. आतलं औषध पातळ ताकासारखं एकसारखं पांढरं होतं. आमच्या बाटलीत ते तसं नसायचं. काचेला बारीक कणी चिकटून राहायची. दुपारपर्यंत नणंदेने डोळे उघडले.

मी कपडे आणायला घरी आले. फ्रीज उघडला आणि ट्रेमधली दुसरी बाटली हातात घेतली. ती उलटी केली. आतलं काही हललं नाही. मी पुन्हा हलवली. औषधाचा खडा झाला होता. तशीच ओट्यावर ठेवून बसून राहिले. ते हळूहळू सुटलं आणि खाली फाटक्या दुधासारखी कणी बसली. मला आधी राग आला. कुणाचा, ते कळेना. मग मी फ्रीजची वायर भिंतीतून ओढून काढली, आत गरम पाण्याचं पातेलं ठेवलं आणि दार सताड उघडं टाकलं. बर्फाची ढेकळं ट्रेमध्ये कोसळायला लागली.

पुढे दाराला नवं रबर बसलं, ते नीट धरतं की नाही हे मी दारात कागद अडकवून, ओढून पाहिलं. आकड्यांचं बटण बदललं, ते मधल्या आकड्यावर आलं आणि दर पंधरवड्याला बर्फ काढायचं काम माझ्याकडे आलं. बाटल्या दाराच्या खणात परत गेल्या. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी मी ती कणी बसलेली बाटली रुमालात गुंडाळून पालघरला घेऊन गेले.

डॉक्टरांनी ती उजेडाकडे धरली. "हे गोठलेलं आहे," म्हणाले. "एकदा गोठलं की पाणी टोचल्यात जमा." मी तोंडाच्या वासाचं विचारलं. शरीराला साखर वापरता आली नाही की तसा वास येतो, ते म्हणाले. ती काही खाण्याची खूण नसते.

सासूबाई खाटेशेजारी उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. डॉक्टर गेल्यावर त्या स्टुलावर बसल्या आणि कितीतरी वेळ पोरीच्या हातावरच्या सुईच्या खुणा बघत राहिल्या.

"मंग तू सुकेळी खाल्ली म्हनून कशाला सांगलंस गो?"

नणंद छताकडे बघत होती. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तेच मला सहन झालं नाही.

"तू रोज भरल्या ताटावरून उठायचीस, आई. मी सांगलं, त्या रातच्याला तू जेवलीस."